गरम पाण्याच्या टबाची जाळी

मी, सौ. पौर्णिमा गजेंद्र काळमेघ, वय ३३ वर्षे, धंदा पोहण्याच्या तलावांचे फिल्टर धुणे व दुरुस्त करणे, राहणार नवी वस्ती, बडनेरा, जि. अमरावती. आज ठाण्यात बोलावल्यावरून स्वतः हजर होऊन सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती गजेंद्र व सासूबाई असे राहतो. पती आधी नांदगाव पेठ येथील कापड कारखान्यात पाणी शुद्ध करण्याच्या विभागात कामाला होते. ते काम सुटल्यापासून अमरावती व अकोला भागातील फार्महाऊस आणि सोसायट्यांच्या तलावांचे फिल्टर साफ करण्याचे काम आम्ही दोघे मिळून करतो.

भातकुली रस्त्यावर हिरवाई नावाचे फार्महाऊस आहे. तेथील मॅनेजर शेखर इंगोले यांना मी ओळखते. तेथे मोठा तलाव व त्याच्या बाजूला गरम पाण्याचा लहान टब आहे. दोन्हींचे पाणी एकाच पंपाने खेचले जाते, वाळूच्या टाकीतून गाळले जाते आणि परत सोडले जाते. टबाच्या तळाशी पाणी खेचणारे तोंड आहे. त्यावर जाळी बसवलेली असते. त्या भागातील बोअरचे पाणी खारे असल्याने जाळीवर क्षाराचा थर धरतो व भोके बुजतात.

मागील रविवारी सकाळी आम्ही तेथे कामाला गेलो. पाहुणे दुपारनंतर येणार आहेत, असे शेखरभाऊंनी सांगितले होते. पतींनी टबाची जाळी काढून मला धुवायला दिली. ती ॲसिडच्या पाण्यात भिजत घालून मी मागच्या नळावर बसले. पंपाने टबातून पाणी खेचू नये म्हणून टबाकडचा व्हॉल्व्ह बंद करून मग वाळूची टाकी धुवावी लागते. तो व्हॉल्व्ह क्षाराने जाम झाला होता. पतींनी पान्याने प्रयत्न केला, तो फिरला नाही. पती म्हणाले, "टबात कोणी नाही. धुऊन घेऊ. जाळी बसवल्यावर व्हॉल्व्ह पाहू."

मी म्हटले, "कोणी उतरलं तर?"

ते म्हणाले, "मी सांगतो शेखरभाऊले. तू तवर काहीतरी बांधून ठेव."

टबाच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी स्टीलचे कठडे आहेत. माझी हिरवी ओढणी मी एका कठड्यापासून दुसऱ्यापर्यंत आडवी बांधली. "टब बंद" अशी पाटी आमच्याजवळ नव्हती. त्यानंतर मी नळावर परत गेले. पतींनी पंप चालू केला. टाकीत पाणी उलटे फिरवून वाळू धुतली की घाण पाणी भिंतीपलीकडे नालीत पडते. पाणी स्वच्छ येते की नाही, हे पाहायला पती भिंतीपलीकडे गेले. पंपाच्या खोलीत कोणी नव्हते.

पाहुणे लवकर आले. गाडीचा आवाज मी ऐकला, पण उठले नाही. हातात ॲसिडची जाळी होती. थोड्या वेळाने पंपाचा आवाज बदलला. पंपाला पाणी कमी पडले की तो घोगरा होतो, तसा झाला. मला वाटले, पाणी खेचणारा पाइप कुठे तुंबला असेल. मी पतींना आवाज दिला, तो त्यांना ऐकू गेला नाही. म्हणून मी उठून पुढे आले.

टबात एक बाई कंबरभर पाण्यात उभ्या राहून काहीतरी वर ओढत होत्या. त्यांच्या तोंडातून आवाज येत नव्हता. मी जवळ गेले, तेव्हा पाण्याखाली मुलगी दिसली. तिची लांब वेणी तळाच्या तोंडात गेली होती व डोके तेथेच धरले गेले होते. त्या बाई मुलीच्या आई असून त्यांचे नाव अपेक्षा व मुलीचे नाव जुईली, वय नऊ वर्षे, हे मला नंतर समजले.

मी टबात उडी घेतली व मुलीचे खांदे धरून ओढले. ओढून सुटत नाही, आधी पंप बंद करावा लागतो, हे मला माहीत आहे. तरी मी आधी ओढले. किती वेळ ओढले, ते सांगता येणार नाही. नंतर मी बाहेर पडून पंपाच्या खोलीकडे पळाले व लाल बटण दाबले. पंप बंद झाल्यामुळे पती धावत आले. मी परत टबात गेले, तेव्हा डोके थोडे हलत होते, पण केसांची गाठ पाइपात अडकलेली होती. पतींच्या खिशातील कटरने मी वेणी कापली. मुलीला वर घेतले. ती निळी पडली होती.

पतींना कारखान्यात असताना छाती दाबून श्वास आणण्याचे शिकवले होते. त्यांनी तसे केले. आई मुलीचे पाय धरून बसल्या होत्या. मुलीने पाणी ओकले व श्वास घेतला. शेखरभाऊंनी गाडी काढली. मागच्या सीटवर मुलीचे डोके माझ्या मांडीवर व पाय आईच्या मांडीवर होते. अमरावती येईपर्यंत मी तिच्या नाकाजवळ हात धरून होते. मधे एकदा हाताला काही लागले नाही. मी आईला ते सांगितले नाही. नंतर पुन्हा लागले.

दवाखान्यात मुलीला आत नेले व आम्हाला बाहेर थांबवले. अपेक्षाबाईंनी मला विचारले, "जाळी काढलेली होती, हे तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हटले.

 मग त्या म्हणाल्या, "कठड्याला ओढणी होती. मला वाटलं कुणीतरी वाळत घातली आहे. मीच सोडून घडी करून खुर्चीवर ठेवली. जुईलीला उतर म्हणाले आणि टॉवेल आणायला खोलीत गेले." हे मी पोलिसांना स्वतः सांगणार आहे, असेही त्या म्हणाल्या. मी त्यांना काही विचारले नव्हते.

पती मोटारसायकलने मागून आले. विचारल्यावरून सांगते की, त्यावेळी आमचे पुढीलप्रमाणे बोलणे झाले. पती म्हणाले, "शेखरभाऊ म्हणून राहिला का मी त्याले काहीच सांगतलं नाही. मी ऑफिसच्या दारात उभं राहून सांगतलं. तू ऐकलं होतं न?"

मी म्हटले, "नळ चालू होता."

ते म्हणाले, "तरी ऐकलं असशील. आठवून पाह्य."

 मी त्यांना चहा आणून दिला. तो त्यांनी घेतला नाही.

मुलगी दोन दिवस अतिदक्षता विभागात होती. त्या दोन्ही दिवशी मी दवाखान्यात गेले. कोणी बोलावले नव्हते, मी बाहेरच्या बाकावर बसत होते. काल मुलगी बोलली. तिने आपल्या केसांविषयी विचारले, असे अपेक्षाबाईंनी बाहेर येऊन मला सांगितले. डॉक्टर तिला पुढच्या आठवड्यात घरी सोडणार आहेत.

माझे पती काम नीट करतात. व्हॉल्व्ह फिरत नसताना त्यांनी पंप चालू केला, हे खरे आहे. मी ते पाहिले व थांबवले नाही, हेही खरे आहे. शेखरभाऊंविषयी माझी काही तक्रार नाही व त्यांच्याशी आमचे आधी भांडण नव्हते. ते खोटे बोलतात किंवा खरे बोलतात, हे मला सांगता येणार नाही. पती आज माझ्यासोबत आले आहेत व बाहेर बसले आहेत. सासूबाईंना अजून सांगितलेले नाही.

हा जबाब लिहून झाल्यावर तो घेणाऱ्या पोलीस मॅडमनी मला मराठीत वाचून दाखवला. त्यात "पतीने मॅनेजरला सांगितल्याचे मी ऐकले" असे लिहिले गेले होते. ते खोडून "सांगितले असे पती म्हणतात, मी स्वतः ऐकले नाही" असे करायला मी सांगितले. तुमच्या मालकांच्या, म्हणजे पतींच्या, बाजूचे तेवढेच एक वाक्य आहे, असे मॅडम म्हणाल्या व मला पुन्हा विचारले. मी तेच सांगितले. खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकीचे मी सांगितले तसेच लिहिले आहे व ते बरोबर आहे.

सौ. पौर्णिमा गजेंद्र काळमेघ