बिनजोत्याचं घर

मी मूळची निडीची. नागोठणं सोडलं की रोह्याच्या अलीकडं टेसन हाय बघा, गाडी थांबली न थांबली तोच सुटते, तिथली. बापूस भात लावायचा, भात निघालं की त्याच वाफ्यात वाल टाकायचा, आणि आमी पोरी त्या वालाच्या शेंगा सोलून सोलून मोठ्या झालो. शाळा चौथीपर्यंत. लगीन झालं नि मी पेणला आली. आता पेणला आली म्हंजे गणपतीतच आली म्हणा की, कारण माझ्या थोरल्या भावजींचा, म्हंजे ह्यांच्या मोठ्या भावाचा, गणपतीचा कारखाना व्हता. कारखाना म्हणायचं नुसतं, पत्र्याची लांबलचक शेड, त्यात ओळीनं मूर्ती. हमरापूरवरनं कच्च्या मूर्ती यायच्या, पांढऱ्या फक्क, नि आमच्याकडं रंग व्हायचा. आमचे हे डोळे आखायचे. काय सांगू तुम्हाला, सगळा गणपती कुणी पण रंगवील, डोळे कुणी पण आखू शकत नाय. हात इतका हलका ह्यांचा की बाजूला पंखा लावलेला चालायचा नाय, श्वास धरूनच बसायचे. बोलायला कमी. भांडण तर नायच, अंगणातली मुंगी पण ओलांडून जाणारा माणूस.

आमी राहायचो शेडच्या मागच्या खोलीत. तिथंच माझी मंदा झाली. तीनेक वर्षांची झाली नि तिला ते सुरू झालं. छाती भरायची. मूर्तीला पॉलिश पेपर मारतात ना, ती पांढरी धूळ सगळीकडं, भाताच्या टोपात पण धूळ, आणि पावसात खोलीला ओल. पोरगी बसल्या जागी खांदे वर करून श्वास घ्यायची, बरगड्या दिसायच्या. डॉक्टर बोलला, धुळीतनं हिला बाहेर काढा आणि ओलीत ठेवू नका, मी औषध देतोय पण औषधानं घर बदलत नाय. हे त्या दिवशी जेवले नाय. दुसऱ्या दिवशी भावाला जाऊन सांगितलं, मी रोह्याला कंपनीत लागतोय, धाटावला माणसं घेताहेत. भावजी आधी हसलेच. मंग कळलं हा खरंच बोलतोय, तवा भडकले. देवाचे डोळे आखणारा हात आणि पोती शिवणार? बापानं दिलेली कला टाकून चाललास तर परत तोंड दाखवू नको. हे बोलले, पोरगी जगायला पायजे दादा. बस, तेवढंच बोलले. आणि आमी निघालो. नव्वद सालाच्या पुढंमागं झालं हे.

रोह्याला आधी भाड्यानं राहिलो. तिथं धूळ नव्हती पण ओल व्हतीच, भाड्याच्या खोलीला कोण कशाला दुरुस्त करतो. मंदाचं एक पावसाळ्यात बरंच वाईट झालं. तवा मी बोलली, आपलं घर पायजे, झोपडं असलं तरी आपलं, म्हंजे आपण त्याला काय करायचं ते करू. आता तुमी विचाराल, पोरीला माहेरी का नाय ठेवलीस? ठेवली नसती काय. पण माहेरचं घर म्हंजे पेंढा, गुरं, वालाचा भुसा, तिथं तर ती चार दिवसांत निळी पडली व्हती. पैसे कसे जमवले ते सोडा, सगळे जमवतात तसेच.

तर ह्यांच्या बरोबरीच्या कामगारानं सांगितलं, रिबकाबायचं घर विकायला निघालंय. म्हातारी लेकाकडं इस्रायलला चाललीय. त्या बेने इस्रायली. आपल्याकडं जुनी माणसं शनवारतेली म्हणायची ना, तेलाचा घाणा असायचा नि शनवारी बंद ठेवायचे, ती माणसं. बोलणं-चालणं आपल्यासारखंच, लुगडं, हिरव्या बांगड्या, फक्त कपाळाला कुंकू नाय. आळीत पूर्वी त्यांची बरीच घरं व्हती, एकेक करून गेली, ही एकटी राहिलेली. आमी गेलो बघायला. मंदा कडेवर. गल्लीतून पाऊल टाकलं ते थेट घरात. पायरीच नाय! रस्ता नि घर एकाच पातळीत, जसा काय रस्ताच आत शिरलाय. छप्पर मात्र उंच, देवळासारखं.

मला काय कळलं नाय, मी खूष. हे भिंतीला हात लावून बघत व्हते. रिबकाबाय माझ्याकडं नाय, मंदाकडं बघत व्हती. बोलली, पोरगी धापतेय का गो? मी सांगितलं सगळं. तिनं चटई अंथरली. मंग बोलली, बस गो बाय, तुला खरं सांगते. हे घर नव्हतं, ही घाण्याची जागा. माझा सासरा इथं तेल काढायचा, बैल आत यायला पायजे म्हणून जोतं बांधलं नाय कधी, बैल काय पायऱ्या चढतो? घाणा बंद पडल्यावर आमी इथं संसार मांडला. पावसात ही भुई पाझरते, नदी भरली की गल्लीतलं पाणी सरळ चुलीपर्यंत येतं. माझी हाडं त्यातच दुखायला लागली. तुझ्या ह्या लेकराला घेऊन इथं येऊ नको. मी रडकुंडीला आली. तवा ती बोलली, ऐकून तर घे, यायचं तर आधी जोतं बांध.

बघा तुमी. एक व्यापारी रोज येऊन जात व्हता तिच्याकडं, गोदामासाठी, त्याला जोत्याशी काय घेणं नव्हतं, उलट गाडी थेट आत जाईल म्हणून त्याला ते पसंत. त्याला द्यायचं सोडून ही म्हातारी आमाला घराचा दोष सांगत बसली नि वर उपाय सांगत बसली. मी आजपर्यंत विकणारं असं माणूस बघितलं नाय.

घर घेतलं. शिमगा झाला नि काम काढलं. रिबकाबायचे कागद यायचे व्हते, कुठं जाणार ती, मी बोलली इथंच राहा, तुमचंच घर हाय. ती हसली, बोलली, आता तुझं हाय, मी भाडेकरू. घराला माळा व्हता. लाकडी, जाड फळ्यांचा, वर्षानुवर्षं तेलाचे डबे ठेवून ठेवून फळ्या अशा मुरलेल्या की ओल शिरायला जागाच नाय. ती बोलली, पोरगी नि मी वर राहतो, तुमी खाली काय खणायचं ते खणा. आणि खरंच, म्हातारी शिडी चढून वर जायची, मंदा तिच्या मागनं. दिवसभर वरनं दोघींचं बोलणं ऐकू यायचं. मंदा तिला बाय म्हणायची.

गवंडी व्हते ते तात्या, चांगला माणूस. आत येऊन वर बघितलं नि बोलले, वहिनी, नशीब काढलंत. घाण्याची लाट, तो लाकडी सोट हो, उभी राहायची म्हणून छप्पर उंच ठेवलंय, आता आतनं दोन हात भरलं तरी डोकं आपटायचं नाय. म्हंजे भिंती पाडायला नको, कौलं उतरवायला नको. भिंतीच्या आतनं दगडाचं जोतं घालायचं, मधी मुरूम भरून चोपायचा, वर शहाबादी फरशी. दाराची चौकट तेवढी उचलायची. चौकट काढली त्या दिवशी रिबकाबायनं तिच्यावर ठोकलेली त्यांच्या देवाची छोटी डबी आपल्या हातानं काढली, पदरात बांधली. बोलली, ही माझ्यासंगं येईल, नव्या चौकटीला तुमचं तोरण लावा.

भुई खणायला लागलो तर मधोमध दगड लागला. उखळ, घाण्याचं, हे एवढं मोठं, चार माणसांना हललं नाय. तात्या बोलले, फोडू या. रिबकाबाय वरनं बोलली, फोडा की, दगडाला काय भावकी असते काय. पण हे खाली उतरले खड्ड्यात, त्या दगडावरची माती हातानं पुसली, नि बोलले, नको. एवढी वर्षं घर पोसलंय त्यानं. असूंदे तिथंच, वरनं भरून घेऊ. मी वर बघितलं तर म्हातारी माळ्याच्या कडेला बसून डोळे पुसत व्हती. फोडा म्हणणारी ती!

आणि नेमकं तिथंच काम अडलं. वैशाख संपत आला, तात्यांचे गडी एकेक करून गावाला गेले, पेरणीला. त्यांचं पण बरोबर, शेत थांबत नाय. जोत्याचे दगड लागले व्हते पण मधला खड्डा तसाच. मातीच्या भिंती, पायथा उघडा पडलेला. तात्या मला बाजूला घेऊन बोलले, वहिनी, ह्या खड्ड्यात पाणी शिरलं तर भिंत बसेल, लवकर भरून घ्या, माझ्याकडं माणूस नाय. मुरमाचा ढीग गल्लीच्या तोंडाशी पडलेला, गाडी आत येत नाय, घमेलं घमेलं करून आणायचं. हे शिफ्ट करून यायचे नि घमेलं उचलायचे. मी पण. दोघं मिळून किती आणणार? खड्डा तोंड वासून बसलेला, भरतोय असं दिसायचंच नाय. मी बोलली, भावजींना सांगू या का? हे बोलले, सीझन हाय त्यांचा. मला माहीत व्हतं सीझनचं नाय, त्या बोलण्याचं हाय. जेष्ठ महिन्यात गणपतीच्या कारखान्यात माणूस जेवायला उठत नाय, ते पण खरंच व्हतं म्हणा.

एके सकाळी रिबकाबाय शिडी उतरली, धुवट लुगडं नेसली नि बोलली, पेणला आमची माणसं हायत, भेटून येते, आता परत भेट नाय. एसटीनं गेली, संध्याकाळी आली. येताना पोह्याचे पापड घेऊन आली. कशी झाली भेट, मी विचारलं. झाली बरी, एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला. पुढं भावजी, रंगाचा बनियन तसाच अंगात, मागं कारखान्यातले दहाबारा रंगारी. मी दारातच उभी, म्हंजे दार कुठं व्हतं, चौकटीच्या भोकात उभी. भावजी ह्यांच्याशी बोलले नाय. माझ्याशी पण नाय. खड्डा बघितला, ढीग बघितला, नि रंगाऱ्यांना बोलले, ओळ लावा. ढिगापासनं घरापर्यंत माणसं उभी राहिली, घमेलं ह्या हातातनं त्या हातात. गल्लीतली माणसं आधी बघत व्हती, मंग तीपण ओळीत. बाया आल्या, समोरचा शिंपी आला, मशिदीकडचे दोघं चाचा आले. ज्या हातांनी मूर्तीला शेंदूर लागतो, ते हात मुरमानं लाल झालेले. हे नि भावजी एकमेकांशेजारी, भाऊ भावाच्या हातात घमेलं देतोय.

दुपारी जेवायला बसले सगळे, गल्लीतच. मी भात, वालाचं बिरडं नि ते पापड वाढले. भावजी मान खाली घालून बोलले, पोरगी कुठाय? मंदा शिडीवरनं उतरली. ते बोलले, काकाला ओळखतेस काय गो? ती बोलली, तुमच्या कानाला रंग लागलाय. मंग जे हसले भावजी, ते हसता हसताच रडायला लागले, नि ह्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

नंतर मला भावजींनीच सांगितलं रिबकाबाय काय बोलली ते. कारखान्यात जाऊन उभी राहिली. हातातला ब्रश खाली ठेव बोलली, मी परक्या जातीची म्हातारी, माझं ऐक. माझं नि माझ्या दिराचं भांडण झालेलं, घाण्यावरनं. आता घाणा पण नाय, दीर पण नाय. मला त्याच्याशी बोलायचं तर कबरस्तानात जाऊन बोलायला लागतं. तुझा भाऊ एसटीच्या अंतरावर हाय.

दोन दिवस कारखाना बंद ठेवला भावजींनी, ऐन सीझनला. भरणी झाली, चोपून झाली, आणि मंग पाऊस आला तो आठवडाभर थांबला नाय. गल्लीत गुडघाभर पाणी. आमी चौघं नव्या जोत्यावर बसून बघतोय, पाणी दगडाला लागतंय नि परत जातंय. फरशी अजून बसायची व्हती, नुसती चोपलेली भुई, पण कोरडी. मंदा पहिल्यांदा भुईवर झोपली, मी तिच्या छातीला कान लावून बसली. शिट्टी नाय. नुसता श्वास.

रिबकाबाय त्यांच्या नव्या वर्षापर्यंत राहिली, ते आपले गणपती गेल्यावर येतं. तिनं गव्हाच्या चिकाचा नारळाच्या दुधातला हलवा केला, गल्लीभर वाटला. आमच्या पहिल्या गणपतीला भावजींनी मूर्ती आणली पण डोळे कोरे ठेवले, ह्यांच्या हातात ब्रश दिला. म्हातारी भिंतीला टेकून बघत बसली व्हती. मंग तिचे कागद आले नि ती गेली. जाताना मंदाला बोलली, पळ आता, धापायला नाय, खेळायला. काही वर्षांनी तिच्या लेकाचा फोन आला, बाय गेली म्हणून. आमी दिवा लावला. त्यांच्यात काय करतात ते आमाला माहीत नव्हतं, आमच्यात करतात तेच केलं, ती काय रागावणार नाय.

आता मंदा पेणला शाळेत शिकवते. थंडीत कधी छाती धरते, पण ते तेवढंच. हे रिटायर झाले, गणपतीच्या आधी महिनाभर भावजींच्या पोरांकडं जातात डोळे आखायला, आता चष्मा लावून. कुणाकुणाचे उपकार मोजू? मला मोजता पण येत नाय नि फेडता पण येत नाय, म्हणून येईल त्याला जेवायला घालते.

आणि एक गंमत सांगते. तवा आमच्या दाराला चार पायऱ्या व्हत्या. गल्लीत रस्ता झाला, मंग त्यावर डांबर, मंग काँक्रीट, दरवेळी रस्ता वर वर येतोय. आता एकच पायरी उरलीय, ती पण बुटकी. मंदा बोलते, आई, परत उचलायला लागेल घर. मी बोलली, तुझं तू बघ, आमी आमच्यापुरतं उचललं. जुनी माणसं कधी आली ना, तर अजून सवयीनं पाय उंच उचलतात, नि पायरी लागतच नाय, पाय नुसता हवेत. मंग हसतात, नि आत येतात. येऊंदेत. आत कोरडं हाय.