अर्पिताच्या नोकरीचं सुतक

तारीख बारा जुलै, शनिवार. वारं नुसतं भणाणतंय, आभाळ येतंय आणि तसंच पुढं जातंय, आणि माझ्या ओसरीत परंड्याच्या जाऊबाई डोळ्याला पदर लावून बसल्यात! फडक्यात भाकरी, डब्यात पिठलं. आता तुम्हीच सांगा, पिठलं-भाकरी बांधून माणूस कुणाच्या दारात जातं? जिथं चूल पेटत न्हाय तिथं! मयताच्या घरी! माझ्या काळजात चर्र झालं... म्हटलं, गेलं कोण? तर जाऊबाई हुंदका देऊन म्हणतात, "अर्पिताची नोकरी गेली म्हणं गं!"

काढलं न्हाय हो, सोडली!

अर्पिता माझी थोरली. पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती, चांगली खुर्चीत बसून होती. राजीनामा देऊन भूमला आली आणि म्हणाली, "आई, हैदराबादला एमटेकला नंबर लागलाय. इकडं कंपनी म्हणते परत ये, पगार वाढवतो, फक्त तुझं ते बाहेरचं फुकटचं काम बंद कर. रविवारी रात्रीपर्यंत कळवायचंय. तू हो म्हणलीस तरच शिकायला जाईन." घ्या! आजवर ह्या पोरीनं मला विचारून साधी वेणी घातली न्हाय, आणि आता सगळं माझ्या गळ्यात! हिच्या बापाला विचारावं, तर ते "तू बघ" म्हणाले आणि गेले सोयाबीन कोळपायला.

त्यात मी पडले एसटीची कंडक्टर. तुम्ही लोकांचं तोंड चुकवायला दार लावून बसाल, मी कुठं बसू? अख्खा तालुका माझ्याच गाडीत चढतो! डेपोत कंट्रोलर बिराप्पा, "बाई, पोरीला काढलं म्हणं?" काढलं न्हाय, सोडली! गाडीत मागच्या सीटवरून एक फेटेवाले, "ताई, ह्या कंपन्या लई काढायल्यात बगा आजकाल." अहो काका, काढलं न्हाय, सोडली! "व्हय व्हय... सगळेच तसं सांगत्यात." आणि खरं सांगू का तुम्हाला... चार दिवस ऐकून ऐकून मलाच शंका यायला लागली. खरंच काढलं तर नसंल?

तर जाऊबाई रडतायत. तेवढ्यात अर्पिता आतून आली, पिठल्याचा डबा उघडला, भाकरी मोडली, आणि भरल्या तोंडानं, "काकू, झकास झालंय! ठेचा न्हाय का?" जाऊबाई माझ्या कानात, "धक्का बसलाय गं पोरीला..."

कॉटवर आमच्या सासूबाई, धुरपदाबाई. त्यांना कमी ऐकू येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं. म्हणाल्या, "नोकरी सोडलीस न्हवं? मंग दिसभर त्या पेटीवर काय टकटक करतीस?"

"आज्जी, ते नोकरीचं न्हाय. ओपन सोर्सचं हाय. कागदाचा फोटो काढला की त्यातली मराठी अक्षरं कॉम्प्युटरनं वाचायची, असं सॉफ्टवेअर. आमी सगळे मिळून करतो. शिकताना बी करणार."

"पगार?"

"न्हाय."

"मालक?"

"कुणीच न्हाय."

"मंग मरता कशाला?"

"ज्याचं अडलं त्याच्या मदतीला सगळ्यांनी जायचं. उद्या माझं अडलं, की ती येतात."

सासूबाई उठूनच बसल्या. "आगं, मंग इर्जिक म्हण की!"

झालं! इर्जिक म्हटल्यावर जाऊबाईंचं रडणं तिथंच थांबलं. एखाद्याची पेरणी मागं पडली की गावानं आपापली बैलं घेऊन त्याच्या रानात उतरायचं, मजुरीचं नाव न्हाय, त्यानं फक्त पोटभर जेवू घालायचं. "आमच्या आबाच्या रानात एवढे नांगर लागले व्हते, बांधावरनं मोजता यायचे न्हाईत!" हे जाऊबाई. "आन् हलगी वाजायली की बैलं बी नाचत पाय टाकायची," हे सासूबाई. आणि मी? मी कुळवावर बसायची हो! कुळव हलका पडू नये म्हणून पोरांना वर बसवायचे. खाली ढेकळं फुटायची, पोटात गुदगुल्या, तोंडावर बैलांच्या शेपट्यांचा वारा... आणि मागून माझे वडील, आमचे दादा, मोठ्यानं गाणं म्हणायचे, एरवी घरात तोंडातून शब्द निघायचा न्हाय त्या माणसाच्या! मग ट्रॅक्टर आले. तासाभरात रान मोकळं. कुणी कुणाच्या बांधावर जाईना. त्या कुळवावरून मी शेवटची कधी उतरले, तेवढं काही केल्या आठवत न्हाय...

"पर जेवाण कोण घालतंय ह्यांना?" सासूबाई.

"कुणीच न्हाय आज्जी."

"उपाशी? माझ्या नातीची इर्जिक, आन् उपाशी?"

तुम्हाला सांगते, रविवारी पुरण घातलं! संध्याकाळी अर्पितानं लॅपटॉपवर सगळ्यांना बोलावलं. केरळची एक, नेपाळचा एक, ब्राझीलचा एक दाढीवाला. सासूबाईंनी त्या पडद्यापुढं ताट वाढलं, वर तुपाची धार! "घे रं बाबा, लाजू नगंस." दाढीवाल्यानं हात जोडले, काहीतरी बोलला. सासूबाईंनी अर्पिताला ढोसलं.

"काय म्हणतंय त्ये?"

"म्हणतोय, त्याचं काम अडलं होतं तवा मी मदतीला गेले होते."

सासूबाई माझ्याकडं वळल्या. "ऐकलंस? भर इर्जिकीतनं बैलजोडी सोडून न्हेत नसत्यात. सांग पोरीला काय ते."

जाऊबाई पडदा निरखत होत्या. हळूच म्हणाल्या, "आगं बाई... एवढ्या सगळ्यांना काढलं?"

मी अर्पिताला म्हटलं, "जा."

एकवीस तारखेला, सोमवारी, ती हैदराबादला गेली. मी ड्यूटीवर. परंड्याची गाडी, गच्च भरलेली, कुणाकडं सुट्टे न्हाईत, एक कोंबडी मोकळी सुटलेली, आणि खिडकीतले एक मास्तर वळून विचारतात, "बाई, पोरीला काढलं म्हणं?"

मी म्हटलं, "व्हय, काढलं. कुठं उतरायचं?"