पंचवीस सह्या

(बिबवेवाडीतला फ्लॅट. चोरीला चार दिवस झालेत. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले सीताराम ओव्हाळ आणि बँकेत नोकरी करणारी त्यांची मुलगी आम्रपाली.)

आम्रपाली : पोलिसांना दिलेल्या यादीत चांदीचं ताट आहे, मिक्सर आहे, आईचं घड्याळ आहे. निळी फाइल कुठाय, पप्पा?

सीताराम : कुठली निळी?

आम्रपाली : कपाटाच्या वरच्या कप्प्यातली. तिथे आता नुसती धूळ आहे.

सीताराम : नेली असेल त्यानं वाचायला. हल्ली चोरही शिकलेले असतात.

आम्रपाली : आज तुमच्या फोनवर ओटीपी आलाय. कर्जाच्या अर्जाचा.

सीताराम : मी कशाला कर्ज काढू या वयात?

आम्रपाली : तुम्ही नाही. तुमच्या नावावर दुसरं कुणीतरी काढू पाहतंय. ओटीपी कुणाला दिला नाहीत, म्हणून अजून वेळ गेलेली नाही. फाइलमध्ये काय होतं?

सीताराम : आधार आणि पॅनच्या झेरॉक्स.

आम्रपाली : किती?

सीताराम : पंचवीस.

आम्रपाली : नुसत्या?

सीताराम : सही केलेल्या.

आम्रपाली : पंचवीसच्या पंचवीस? कशासाठी दिली, कधी दिली, काही न लिहिता?

सीताराम : अगं, आयत्या वेळी लागतात. गॅसवाल्याला, सोसायटीला, सिमकार्डाला. उभ्याउभ्या सही वाकडी येते. म्हणून दर जानेवारीत टेबलाशी बसून करून ठेवतो. बत्तीस वर्षं खिडकीवर लोकांना सांगत आलो, कागद पूर्ण करून या. मग माझेच अपुरे कसे असतील?

आम्रपाली : लोक वर्षाचं लोणचं घालतात. तुम्ही वर्षाच्या सह्या घालता.

सीताराम : मार टोमणे.

आम्रपाली : पोलिसांना का नाही सांगितलंत?

सीताराम : खिडकीची कडी उघडी राहिली, तर तो जमादार म्हणाला, शिकलेली माणसं ना तुम्ही? एका कडीवरून एवढं. सह्यांचं कळलं असतं तर?

आम्रपाली : तर काय, लिहून घेतलं असतं.

सीताराम : माझा बाप अंगठा लावायचा, आमू. जमिनीच्या कागदावर लावला, आणि त्यात काय लिहिलं होतं ते पुढं कोर्टात कळलं. म्हणाला, सीत्या, तू सही शिक. शिकलो. आणि मीही कोऱ्यावरच करून बसलो. लाज वाटली मला.

आम्रपाली : लाज चोराला वाटू दे. तुमचा फोन द्या. आधी आधारचं बोटांच्या ठशांचं लॉक लावते. चौकीत पुरवणी जबाब देऊ, फाइलसकट. मग बँकेत नवं कार्ड, नवं चेकबुक. आणि दर महिन्याला मी बघत जाईन, तुमच्या नावावर काही निघालंय का ते.

सीताराम : झालं एवढ्यात?

आम्रपाली : एक राहिलं. बँकेतली सही बदलायची.

सीताराम : ते नाही.

आम्रपाली : पप्पा...

सीताराम : कुलूप बदललं, कार्ड बदल, वाटलं तर नंबर बदल. सही अठ्ठेचाळीस वर्षांची आहे.

आम्रपाली : आणि तिचे पंचवीस नमुने त्याच्याकडे आहेत. बसून गिरवेल आरामात.

सीताराम : (टेबलाशी जाऊन बसतो.)

आम्रपाली : चहा टाकू?

सीताराम : कागद दे आधी. ती सही तशी माझी नव्हतीच. नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, इंग्रजीत करा, आटोपशीर. एस. जी. ओव्हाळ. बाप नुसत्या 'जी'त राहिला.

आम्रपाली : मग आता?

सीताराम : मराठीत. पूर्ण.

आम्रपाली : लांबलचक होईल.

सीताराम : होऊ दे. गिरवणाऱ्याला घाम फुटला पाहिजे. बघ.

आम्रपाली : सीताराम गेनू ओव्हाळ. आजोबांचं नाव केवढं मोठं काढलंत.

सीताराम : त्याला स्वतःला कधी लिहिता आलं नाही.

आम्रपाली : चला. आधी चौकी, मग बँक.

सीताराम : झेरॉक्स लागेल ना?

आम्रपाली : एकच. त्यावर आडवं लिहा, कशासाठी ते, आणि तारीख.

सीताराम : लिहितो. सही मात्र तिथंच करीन, खिडकीसमोर, उभ्यानं.

आम्रपाली : वाकडी येईल.

सीताराम : येऊ दे. नवी आहे अजून.