निळ्या चिंधीचं पडवळ

नाही, पण मला एक सांगा, वेलाला काही अक्कल नको? मांडव घातला होता ना त्याला? चांगला बांबूचा, आजीनं स्वतः बांधलेला! तो सोडून ह्या पडवळानं सरकारी लोखंडावर चढायचं कारण काय? बरं, चढलास तर चढलास, फळ कशाला धरलंस? धरलंस ते धरलंस, वाकडं कशाला धरलंस? ते वाकडं वाढायला लागलं म्हणून आजीनं सरळ यायला त्याच्या टोकाला दगड बांधला, दगड बांधायला चिंधी घेतली, चिंधी निघाली निळी... आणि त्या निळ्या चिंधीपायी, तुम्हाला सांगते, माझं बीएचं शेवटचं वर्ष, माझं रोजचं महाडला जाणं, माझं सगळं आयुष्य माणगावच्या एका हार्डवेअरच्या दुकानात सून म्हणून जाऊन पडणार होतं!

तरी मी घाबरले नाही हं. मी कुणाच्या बापाला भीत नाही. अडचण एवढीच, की ह्या खेपेला बाप माझाच होता.

तर पोलादपूरहून उमरठकडे जायला लागलात की मध्ये आमचं गाव. गाव ओढ्याच्या अलीकडे, वाडी पलीकडे. पावसाळ्यात ओढा भरला की वाडीतली पोरं शाळेला येऊ शकत नाहीत, बाळंतीण अडली तर तिला डोलीत घालून डोंगराला वळसा. म्हणून साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल, मंजूर झाला. दोन्ही काठांना दगडी ठोकळे बांधून झाले, लोखंड आलं, आणि आलं ते उतरलं कुठं? उपसरपंचांच्या गोठ्यामागे. उपसरपंच म्हणजे आमचे आबा, माझा बाप. झालं! दोन पावसाळे ते तिथंच. कागदावर साकव पूर्ण. आबांना विचारलं, "साकव कधी हो?" तर म्हणायचे, "पाऊस जाऊ दे गो, पान्यात बांधायचा का?" पाऊस गेल्यावर विचारलं तर म्हणायचे, "आता पानी कुठं हाय? चालत जा की!" म्हणजे पाणी असताना बांधता येत नाही आणि पाणी नसताना लागत नाही! मी राज्यशास्त्र घेतलंय हो, अख्ख्या पुस्तकात असला युक्तिवाद नाही! आणि आबांच्या मनात काय, तर त्या लोखंडावर गोठ्याचा माळा चढवायचा. घरात बोलायला गेले तर आई म्हणते, "मोठ्यांच्या तोंडाला लागू नये." मग कुणाच्या तोंडाला लागू? म्हशीच्या?

म्हणून मी नेटवर लिहिलं.

महाडच्या बाजारात माझी मैत्रीण बुशरा, तिच्या भावानं मस्कतला जायच्या आधी सायबर कॅफे टाकलेला, दुपारचा तो बुशरा सांभाळते. त्या प्लायवूडच्या खुराड्यात बसून मी ऑर्कुटवर आमच्या तालुक्याची कम्युनिटी आहे तिथं विषय काढला, "साकव गेला कुठे?" आणि स्वतःचं नाव ठेवलं 'खवळलेला नागरिक'. आता तुम्ही म्हणाल, नागरिक पुरुष का? अहो, मुलीच्या नावानं लिहिलं की खाली पहिलं उत्तर येतं, "हाय, फ्रेंडशिप करणार का?" साकव राहतो बाजूला!

आणि मग काय चर्चा, काय चर्चा! एक म्हणे, "भावा, एकदम बरोबर!" आणि गायब. दुसरा म्हणे, "ही जबाबदारी जिल्हा परिषदेची." तिसरा म्हणे, "छे, आमदारांची." चौथ्यानं ती दिल्लीपर्यंत नेली, पाचवा म्हणे, "आधी काश्मीरचं बघा, मग साकवाचं." सहावे एक गृहस्थ, फोटोत गॉगल लावून बुलेटवर बसलेले, ते म्हणे, "इथे राजकारण नको, ही कम्युनिटी आपल्या संस्कृतीसाठी आहे." अहो, संस्कृती पलीकडच्या काठावर अडकलीय ना, तिला अलीकडे आणायला तरी साकव लागेल की नाही! आणि शेवटी एक दीडशहाणा आला. म्हणे, "पुरावा दे. हवेत बोलू नकोस."

मला असं कुणी म्हटलं ना, की माझं डोकं राहतच नाही जागेवर! मी लिहिलं, "पुरावा हवाय? उपसरपंचांच्या गोठ्यामागे जाऊन बघ. साकवाच्या लोखंडावर पडवळ चढलंय, आणि त्यातल्या एका पडवळाला निळ्या चिंधीनं दगड बांधलाय!" आणि ऐटीत उठले. बुशराला म्हटलं, "आता बसतील गप." बुशरा म्हणाली, "पूजा, तुमच्या गोठ्यामागे जातं कोण कोण?"

त्या वेळी मी हसले. खरंच हसले हो... एसटीत बसेपर्यंत.

आता आमच्याकडे एक रीत आहे. गाव इथं असतं, पण गावाचं मंडळ मुंबईत असतं, आणि गावात पान हलायचं तर आधी ते मुंबईत हलावं लागतं. माझा चुलतभाऊ यशराज तिथं एका ऑफिसात कॉम्प्युटरवर असतो. त्यानं ती सगळी चर्चा, काश्मीर आणि बुलेटवाल्यासकट, ऑफिसच्या कागदावर छापली, मंडळाच्या बैठकीत वाचली, आणि गणपतीला गावी येताना मोदकांच्या साच्यासोबत पिशवीत घालून घेऊन आला!

देवळात सगळे जमले. मंडळाचे अध्यक्ष रामजीकाका म्हणाले, "वाच रे यशराज, मोठ्यानं वाच." आणि यशराज वाचायला लागला. अहो, मी लिहिलेलं वाक्य न वाक्य माझ्याच देवळात, माझ्याच बापासमोर, आणि वाचतोय कसा, तर शाळेत धडा वाचावा तसा! माझे कान सवच्या गरम पाण्याच्या कुंडातून काढल्यासारखे झाले. मी खांबाआड सरकले. आणि तो आला पडवळावर. "...निळ्या चिंधीनं दगड बांधलाय."

देवळातली सगळी डोकी आबांकडे वळली. आणि तेवढ्यात बायकांतून आमची आजी, प्रयागबाई, खणखणीत आवाजात म्हणते, "अगो बाय, ती माझीच चिंधी की!"

संपलं! म्हणजे आबांना "हे आमच्याकडचं नव्हेच" म्हणायलासुद्धा जागा ठेवली नाही म्हातारीनं!

मी घाबरले नाही हं. मी कुणाच्या बापाला भीत नाही. फक्त त्या संध्याकाळी भाकरी दुधाऐवजी पाण्यात कुस्करली, एवढंच. आबा जेवता जेवता हळूहळू बोलायला लागले. आबा ओरडले ना, तर मला काही वाटत नाही. आबा हळू बोलले की मी दार कुठं आहे ते बघून ठेवते. "गोठ्यामागं कोण जातं? मी जातो. मी लिहिलं नाय. तुझी आय जाते, तिला लिवता येत नाय. आजी जाते, तिला दिसत नाय..." आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. घास चावला. गिळला. म्हणाले, "पूजा, ते नेट महाडला असतं ना? उद्या मी येतो तुझ्यासंगं. दाखव मला."

आता ह्याचा अर्थ काय लावायचा? त्यांना कळलंय की कळलं नाहीये? विचारायची सोय नाही! दुसऱ्या दिवशी एसटीत पोलादपूर ते महाड शेजारी बसले. छत्रीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघतायत. महाडच्या स्टँडात गाडी वळली तेव्हा फक्त म्हणाले, "गौरी गेल्या की माणगावची मानसं येतो म्हनतायत."  चपला हातात घेऊन सावित्रीच्या कडेकडेनं पळत सुटावं आणि थेट बाणकोटला समुद्रात निघावं, असं वाटलं.

कॅफेत शिरले तर बुशरा आतून ओरडली, "ये गो, तुझ्या नागरिकाला आज केवढी—" आणि माझ्यामागे तिला आबांची टोपी दिसली. "—केवढी मार्कं पडतात ना नागरिकशास्त्राला!" मी भिंत धरली.

आबा आत आले. खुराडी बघितली, वायरी बघितल्या, म्हणाले, "पोरी, मी पूजाचा बाप. आमच्या गोठ्यामागचं इथं बसून कुनी लिवलं?"

बुशरानं माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी हात जोडले. आणि तुम्हाला सांगते, घाबरलेल्या मैत्रिणीला बघून दुसऱ्या मैत्रिणीला जे सुचतं ते कुठल्या मंत्र्याला सुचणार नाही. ती म्हणाली, "काका, लिहायला माणूस गोठ्यामागे जावा लागत नाही आता. वरून दिसतं."

"वरनं?"

"उपग्रह असतो ना. बसा, दाखवते."

आणि तिनं नकाशा काढला, आकाशातून घेतलेला. काय होतं त्यात? काही नाही! हिरवा चिखल आणि तपकिरी चिखल. पण आबा पुढे वाकले, चष्मा पुसला, बोट लावलं. "ह्यो ओढा." होता बहुतेक रस्ता. "हे देऊळ... ह्यो आपला गोठा!" अहो, डाग होता तो काचेवरचा, बुशरानं नंतर पुसला! पण आबांचा चेहरा पांढरा. हळूच विचारतात, "चिंधी पन दिसते?"

बुशरा म्हणाली, "ढग नसले की सगळं दिसतं, काका."

आबा ताडकन उठले, दारात गेले, वर बघितलं. काळंभोर आभाळ. म्हणाले, "अजून ढग हायेत. चल गो, लवकर!"

बघा हं, जाताना घाबरलेली मी एकटी होते, येताना आम्ही दोघं! ते सूर्याला घाबरलेले आणि मी त्यांना. अख्खी वाट आबा खिडकीतून मान बाहेर काढून ढग बघतायत, आणि कंडक्टर ओरडतोय, "ओ काका, डोकं आत घ्या!"

घरी पोचल्याबरोबर आबांनी लोखंडावर पेंढा टाकला. म्हैस सुटून आली आणि खायला लागली. मग म्हणाले वेलच कापतो, तर आजी विळी घेऊन उभी. "हात लाव वेलाला! गौरीला त्याचीच भाजी करायची हाय मला." मग शेजारच्या ठकूबाईला म्हणाले, दोन दिवस तुमच्या परड्यात ठेवू का? ती म्हणते, "नाय हो, नको! ते वरचं काय आमच्यावरनं जात नाय?" तोवर उपग्रहाचं गावभर झालं होतं ना! बायकांनी दोरीवरची लुगडी काढली. रामजीकाका विहिरीवर उघड्यानं आंघोळ करायचे, ते सदरा घालून करायला लागले. आणि मी? मी तर सगळं माहीत असलेली, बीएला बसलेली... पण गोठ्याकडे जाताना मीपण ओढणी डोक्यावर घेतली. खोटं कशाला बोलू?

आणि ऊन पडलं.

असं लख्ख पडलं म्हणून सांगू! मी धावत मागे गेले, तर काय बघते... आमच्या गावचे उपसरपंच, रखरखीत उन्हात, सरकारी लोखंडावर छत्री धरून उभे! एवढीशी छत्री, एवढं लांब लोखंड. हे टोक झाकलं की ते टोक उघडं. ह्या टोकाकडून त्या टोकाकडे धावतायत. "यशराज! रामजी! अरे, मंडळाची पोरं बोलवा, उचला हे! कुठं ठेवू मी, कुठं ठेवू?"

आजी पडवळाजवळून हललीसुद्धा नाही. म्हणाली, "ज्याचं हाय तिथं ठेव की, मेल्या! तिथं दिसलं तर कोन काय बोलनार हाय?"

आबा छत्री धरून तसेच थांबले. मग सावकाश मिटली त्यांनी छत्री.

मुंबईची पोरं गणपतीला आलेलीच होती. आजीनं पडवळ काढून पदरात घेतलं, बाकी वेलासकट लोखंड खांद्यावर चढलं, "मोरया, मोरया" करत ओढ्यावर गेलं, ठोकळ्यांवर बसलं, वर फळ्या ठोकल्या. दोन पावसाळे न झालेलं काम चहा निवायच्या आत झालं म्हणा ना! पलीकडच्या वाडीतली पोरं तर फळ्या ठोकायच्या आधीच नाचायला लागली. वेलाला गुंतून आजीची निळी चिंधी तिथंच राहिली, अजून लटकतेय कठड्याला. मी साकवाच्या मध्यावर उभी राहिले. खाली पाणी धो धो. वाटलं ओरडून सांगावं, मी केलं हे! मी! तोंड उघडलंसुद्धा... तर समोर आबा. भाषण करत होते. "प्रशासनानं मनात आनलं तर काय होत नाय?" टाळ्या! रामजीकाकांनी नारळ दिला. आणि नारळ हातात घेऊन आबा मला म्हणतात, "पूजा, जरा इकडं ये."

गेले. काय करणार? मी कुणाच्या बापाला भीत नाही... गेले.

आबा हळू आवाजात म्हणाले, "माणगावला सांगितलंय, पोरगी यंदा कामात हाय. तू रोज महाडला जायचं. त्या नागरिकावर ध्यान ठेवायचं. काय लिवतो, काय नाय, मला सांगायचं. तुझ्याशिवाय घरात दुसरं कोन हाय शिकलेलं?"

म्हणजे कॉलेज वाचलं, महाड वाचलं, आणि मी माझ्याच पाळतीवर! आता रोज त्या खुराड्यात बसते. बोटं शिवशिवतात हो. कारण नळपाणी योजनेचे पाइप आलेत, आणि ते कुठे आहेत मला ठाऊक आहे. आमच्या माळ्यावर. छपराखाली! वरून दिसत नाही म्हणून मुद्दाम तिथं ठेवलेत. आणि हे मी लिहिलं, तर ह्या खेपेला उपग्रहावर ढकलायची सोय नाही. माळ्यावर जाणारी माणसं दोनच. एक आबा.

रोज संध्याकाळी ओटीवर बसून ते विचारतात, "काय गो, आज काय म्हनतो तुझा नागरिक?" तुझा! आणि बघत राहतात माझ्याकडे. फार वेळ बघतात.

मी म्हणते, "काही नाही, आबा. गप्प आहे."

"घाबरला असंल."

"हो, आबा. जाम घाबरलाय."