पक्क्या छताखाली

पोर्ट-ऑ-प्रिन्सजवळच्या नव्या वसाहतीत पाण्याची रांग लागली होती. भूकंपापासून अजून तंबूतच राहणाऱ्या रोझलोरच्या पुढे दोघी बोलत होत्या.

"इमाकुला, घरं बांधून देणारे परदेशी पाहुणे आज बघायला येतायत. दारातली ताडपत्री काढ गं बाई!"

"आई काढू देईल तर ना! तिच्याखालीच झोपते. आतल्या गादीचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही."

"घर वापरात नाही म्हणून दुसऱ्याला देऊन टाकतील!"

"तेच सांगून घसा बसला माझा."

"भूकंपातसुद्धा पडणार नाही म्हणावं."

"म्हटलं. तर म्हणते, 'तुझा बाप असल्याच पक्क्या स्लॅबखाली गेला.'"

रोझलोरला राहवलं नाही. "आणि तू गं? तू कुठे झोपतेस?"

इमाकुलाने बादली पुढे सरकवली.

"ताडपत्री मोठी आहे."