समोरच्या खोलीतलं विचारायचं नाही

—नाही, औषधाचा हा अभ्यास सोडायचा तर सोडा ना मास्तर, मी काय तुमचा हात धरून बसलेय? सही केलीत, विषय संपला. पण शेवटची तपासणी करूनच जाता येतं, आणि थेंब घातलेत आता, बाहुली मोठी व्हायला वेळ लागतो, तोवर बसावंच लागेल. डोळे मिटा. मिटा म्हटलं ना—उघडे ठेवाल तर झोंबतील आणि परत माझ्याच नावानं ओरडाल. तुम्हाला बोलायचं नसेल तर नका बोलू, मी बोलते. सकाळपासून कुणाला तरी ऐकवायचंच होतं, तुम्ही सापडलात.

काय वाटतं तुम्हाला, ते इंजेक्शनातलं औषध काल कुणीतरी दुकानातून आणून दिलं मला? अहो, शिकत होते तेव्हापासून याच्या मागे आहे मी. तेव्हा बकऱ्याच्या डोळ्यांवर काम चालायचं—खाटकाकडून आणायचे, बर्फात घालून, स्टीलच्या डब्यात. लग्न नवीन. एकदा जेवणाचा डबा प्रयोगशाळेत गेला आणि तो डोळ्यांचा डबा घरी फ्रिजमध्ये राहिला, आणि उघडला कुणी? सासूबाईंनी. त्यानंतर कितीतरी दिवस त्या माझ्या हातचा चहासुद्धा आधी वास घेऊन प्यायच्या. मग उंदीर आले. उंदराच्या डोळ्यातल्या पडद्यावर औषध चाललं—स्वच्छ चाललं, आंधळ्यालाही दिसावं इतकं—तर आमच्या विभागाचे साहेब म्हणाले, बाई, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. बरं, मग माणसांवर करू द्या. तर म्हणे, आधी ससे. सशांचं झालं तोवर साहेब निवृत्त, नवे साहेब आले, त्यांनी पहिल्याच बैठकीत काय विचारावं? ते उंदरांचं जरा पुन्हा दाखवा. हसू नका, मी तेव्हा रडले होते. भांडी घासताना रडले, नवऱ्याला वाटलं साबण गेला डोळ्यात—डोळ्यांची डॉक्टर मी, मला साबण गेला!

आणि एवढं करून शेवटी माणसांपर्यंत पोचले, तर माणसं पळून जातात. आधी त्या पोस्टातल्या बाई गेल्या, मग ते बँडवाले, आता तुम्ही. काय तर म्हणे फरक पडत नाही. पहिल्याच दिवशी मी घसा फोडून सांगितलं होतं—सांगितलं होतं की नाही?—पडद्याच्या मधोमध जो डाग पडलाय तो पुसला जाणार नाही, गेलेलं परत येणार नाही, औषध चाललंच तर डाग पसरायचा सावकाश होईल, एवढंच. सावकाश होणं दिसतं का कुणाला? तुम्हाला कापडावरची खडूची रेघ दिसत नाही, कापड आता सूनबाई कापतात, तुम्ही नुसते मशीनवर बसता, ते सगळं मला कळतं हो. पण औषध नसतं तर कदाचित मशीनवरही बसता आलं नसतं. कदाचित म्हणतेय. कारण तुम्हाला औषध मिळतंय की नाही हे मला कुठं ठाऊक आहे?

हो, तेच तर. तुम्ही मघाशी म्हणालात ना, बाईंना सगळं माहीत असतं, सांगत नाहीत. अहो, खरंच माहीत नसतं! समोरच्या खोलीत ते सुईवाले डॉक्टर, इकडे मी. ते कुणाच्या डोळ्यात खरं इंजेक्शन देतात, आणि कुणाच्या बधिर केलेल्या डोळ्यावर बिनसुईची सिरिंज नुसती टेकवून दाबतात—तुम्हाला कळत नाही आणि मलाही कळायचं नाही. का? कारण डाग मोजायचा मी. मला कळलं तर माझा हात तिकडे झुकणार. माणूसच आहे मी. आम्ही दोघं रोज एका टेबलावर जेवतो, त्यांच्या मुलीच्या लग्नातल्या साड्या मी निवडल्या, पण हा विषय? मूग गिळून बसतो दोघंही. आणि पेशंटलासुद्धा समोरच्या खोलीतलं काही विचारायचं नाही. हा नियम कुणी लिहिलाय? मीच. असले सगळे नियम मीच लिहिलेत, आणि तेच आता माझ्या डोक्यावर मिरे वाटतायत.

उघडू नका अजून. थांबा, दुसरा थेंब घालते. वर बघा... हं.

त्यातलाच आणखी एक नियम—अभ्यास करणाऱ्याच्या नात्यातलं कुणी घ्यायचं नाही. बरोबर आहे, मलाही पटतं. पण माझ्या ताईला हाच आजार आहे, मास्तर. सख्खी मोठी बहीण. मला वेणी घालून शाळेत नेणारी. तिचा डाग आता पार मधे आलाय—माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघते, का तर सरळ बघितलं की माझं तोंडच दिसत नाही तिला, कडेकडेनं केस दिसतात. हसते वरून. म्हणते, बरं झालं, तुझ्या कपाळावरच्या आठ्या तरी दिसत नाहीत. आणि फोन ठेवताना दर वेळी विचारते, तुझं ते औषध कधी गं येणार? कधी येणार! अभ्यास पुरा झाला, आकडे नीट आले, तर तुम्हा सगळ्यांना खरं औषध मिळणार, ज्यांना खोटं मिळत होतं त्यांनाही, आणि मग ताईलाही. पण ठरलेल्या आकड्याच्या खाली माणसं गेली की साहेब अभ्यास बंद करणार. कालच बजावलंय त्यांनी. त्या आकड्यावरचं शेवटचं माणूस कोण? तुम्ही! हातातोंडाशी आलेला घास आणि तुम्ही—मी रागावत नाहीये, माझा आवाजच असा आहे.

सांगायचं नव्हतं हे. पेशंटवर असलं ओझं घालू नये, तेही नियमात आहे. जाऊ द्या, बोलून गेले.

पण मला एक सांगा, एवढं जड काय आहे हो त्यात? महिन्यातून एक खेप. डोळा बधिर केलेला, दुखत नाही. नंतर दिवसभर तो काळा बुडबुडा नजरेसमोर हेलकावे खातो, मान हलवली की तोही हलतो, तेवढा काय तो वैताग—आणि तोसुद्धा दुसऱ्या दिवशी सकाळी गेलेला असतो. एका बुडबुड्यासाठी तुम्ही—

काय?

कसला म्हणजे? सुईतून औषधाबरोबर इवलीशी हवा डोळ्यात जाते, तिचा. गोल. काळा.

एकदाही नाही?

असू द्या. सगळ्यांना दिसतोच असं नाही. काहींना... लक्षात येत नाही. तुम्ही कामात असता. नाही, मी तसं काही म्हटलं नाही. मी सहज... मास्तर, डोळे मिटा ना. असे बघू नका माझ्याकडे, तुम्हाला आता धूसरच दिसणार.

तुम्ही जे विचारताय त्याचं उत्तर मला देता येत नाही. नाही देता येत. आणि तुम्हाला ते कळलंय, दिसतंय मला. इतक्या खेपा, दर खेपेला दुकान बंद ठेवून, आणि ती सिरिंज नुसती—अरे देवा. कशाला तोंड उघडलं मी? इतकी वर्षं गप्प बसले, जेवणाच्या टेबलावर गप्प बसले, आणि आज—

काय म्हणालात?

राहता? आता राहता म्हणताय? खोटं टोचलेलंही कुणीतरी लागतंच ना, म्हणून?

नका हो असं बोलू. सकाळी म्हणाला असता तर तुमच्या पाया पडले असते. आता नाही चालत. अहो, तुम्हाला कळलं म्हणून नाही—मला कळलं म्हणून. न ऐकल्यासारखं करायचं? माझ्याही मनात तेच आलं, तुमच्या आधी आलं. पण आता या यंत्रातून तुमचा डाग मोजायला बसले ना, तर तो वाढलेला निघावा असंच वाटणार मला. औषधाविना तुमचा वाढलेला निघाला तर माझं औषध खरं ठरणार. तुमची नजर गेली की मला आनंद होणार, मास्तर. हे असं डोक्यात घेऊन मी तुमच्या डोळ्यात बघायचं?

नको. तपासणी नको आता. उठा. साहेबांना मी सांगते काय झालं ते. ताईला... ताईचं बघते मी. हा काळा चष्मा लावा, उन्हाचा त्रास होईल. पुढे पायरी आहे. आणि हे बघा, बाहेर बाकावर बसलेत ना सगळे—त्यांच्यापाशी बुडबुड्याचा शब्द काढू नका. एवढं करा माझ्यासाठी. जा आता.