सरांचा राहिलेला कोरा पत्रा

काकू, विभागातले सगळे प्राध्यापक आणि मित्रमैत्रिणींनो,

शोकसभेत इतक्या लोकांसमोर उभं राहायची मला सवय नाही. वानखडे सर असते तर म्हणाले असते, "बोल ना वं, लोकं खाऊन राहिले का तुले?"

मी सुनंदा, सरांची विद्यार्थिनी. सर नेमकं काय करायचे, असं काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, मला परवा विचारलं. काकू, सर तांब्याच्या पत्र्यावर रंगाचा थर बसवायचे. डोळ्यांना दिसूही नये इतका पातळ, एका रेणूएवढा. तो बसला की तांब्यातून इलेक्ट्रॉन सहज बाहेर पडतात. किती सहज, तेच आम्ही मोजायचो, हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात. केसांना तेल लावून कुणी आलं की सर दारातूनच परत पाठवायचे. तेलाची वाफसुद्धा तांब्यावर जाऊन बसते ना! उन्हाळ्यात माझी वेणी नुसती केरसुणी व्हायची.

हसा, हसा. सरही हसायचे.

पण शेवटच्या आजारात सर हसत नव्हते. दवाखान्यात माझा हात धरून म्हणाले, "पोरी, तो थर रंगाचाच हाय ना वं? पंपाचं तेल तं नसंल?"

हवा ओढणाऱ्या पंपातही तेलच असतं. रंगाचा पत्रा आम्ही दिवसभर आत ठेवायचो. तुलनेसाठीचा कोरा, रंग न लावलेला पत्रा मात्र घातला की लगेच मोजायचो. तोही दिवसभर ठेवून पाहावा, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. आणि कोऱ्या पत्र्यानंही तोच आकडा दाखवला तर? तर इतक्या वर्षांचं काम म्हणजे काय? पंपाचं तेल?

मी म्हणाले, "सर, मले भेव वाटते."

"मलेही वाटते," सर म्हणाले. "म्हणूनच मोज. अन् तेल निघालं तं माझ्या नावानंच छाप."

मित्रहो, सर गेले. कोरा पत्रा मी आज सकाळीच आत ठेवला आहे. पंप दिवसभर चालू आहे. ही सभा संपली की वर प्रयोगशाळेत जाऊन तो मोजायचा आहे. माझी पीएचडी गेली तर जाऊ दे. पण ज्या माणसाला आज आपण सगळे इतकं मोठं म्हणतो आहोत, त्याचं काय होणार? मला फार भीती वाटते हो.

आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू या. त्यानंतर मला कुणी थांबवू नका.

आणि काकू, एकटीनं वर जायची माझी हिंमत नाही. तुम्ही याल का माझ्यासोबत?